खाचेतली धूळ, पाण्यातले बुडबुडे

चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या कोपऱ्यात स्टीलची एक छोटी टाकी असते. दुकानदार तिच्यात पाणी घालतो, चष्मा बुडवतो आणि बटण दाबतो. बारीक चरचर ऐकू येते आणि नाकावरच्या आधारामागे महिनोन्महिने साचलेला हिरवट मळ धुरासारखा सुटून पाण्यात मिसळू लागतो. ना ब्रश, ना घासणे. सोनाराकडे हीच टाकी नथीच्या जाळीत अडकलेला साबण काढते, दंतवैद्याकडे हत्यारे धुते, गॅरेजात कार्ब्युरेटरची भोके मोकळी करते. गेल्या दहा-बारा वर्षांत ती आणखी एका कामाला जुंपली गेली आहे. ते काम म्हणजे गाण्याच्या जुन्या तबकड्या धुणे.

तबकड्यांचा शौक परत आला आहे. आजोबांच्या काळातली पेटी माळ्यावरून खाली येते, चोर बाजारातून जुने एलपी घरी येतात आणि पहिल्याच बैठकीत भीमसेनांच्या षड्जाबरोबर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाजही ऐकू येतो. मग शोध सुरू होतो सफाईच्या यंत्राचा. एस्टोनियात तयार होणारे ‘डेग्रिटर’ हे यंत्र तबकडी स्वतः धुते आणि वाळवतेही. त्याची किंमत मात्र तीन हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे आयातीचा खर्च धरला तर आपल्याकडे दुचाकीही त्याहून स्वस्त पडेल. हाँगकाँगच्या ‘हमिनगुरू’ने त्याच कल्पनेचे चार-पाचशे डॉलरचे रूप आणले. त्याहूनही खालचा पर्याय हौशी मंडळींनीच जुळवला. सोनारकामाची किंवा प्रयोगशाळेची सहा लिटरची अल्ट्रासोनिक टाकी घ्यायची, तिच्यावर आडवा दांडा बसवायचा, दांड्यात दोन-तीन तबकड्या ओवायच्या आणि एक छोटी मोटर लावून त्या संथपणे फिरवत ठेवायच्या. तबकडीचा खालचा भाग पाण्यात, मधले कागदी लेबल पाण्याच्या वर. एवढेच ते ‘बजेट’ यंत्र.

ते खरोखर काम करते का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि तोच जास्त महत्त्वाचा आहे: ते कोणत्या तबकडीचा घात करील?

आधी खाच समजून घ्यावी लागेल. एलपीच्या एका बाजूला एकच सलग खाच असते. वीस-बावीस मिनिटांच्या बाजूवर ती सातशेच्या आसपास वेढे घेते. उलगडून सरळ केली तर तिची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरेल. रुंदी मात्र ५०-६० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहून थोडी कमीच. खाच इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असते आणि तिच्या दोन्ही भिंतींवर सूर कोरलेले असतात. तबकडीच्या आतल्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला साधारण २१ सेंटिमीटर वेगाने सरकते. दहा हजार हर्ट्झचा स्वर तिथे कोरला तर त्याची एक पूर्ण लाट जेमतेम २१ मायक्रॉनमध्ये बसते. म्हणजे दहा मायक्रॉनचा धुळीचा कण त्या लाटेच्या निम्मा झाला. तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी, तबल्याच्या चाटीची धार, गायकाच्या श्वासाची चाहूल हे सगळे याच बारीक मापात राहते आणि धूळ आधी त्याच्यावरच बसते.

सुईचे वजन दीड-दोन ग्रॅम असते, पण ते टेकते मायक्रॉनच्या मापाच्या दोन ठिपक्यांवर. त्या ठिपक्यांवरचा दाब चौरस सेंटिमीटरला शेकडो किलो इतका होतो. अशा सुईखाली सापडलेला कण बाजूला सरकतोच असे नाही. पुष्कळदा तो मऊ विनाइलमध्ये दाबून बसवला जातो. म्हणून धूळभरली तबकडी ‘एकदा वाजवून बघू’ ही सवय वाईट. प्रत्येक वेळी थोडे गाणे कायमचे खरवडले जाते.

आता ही धूळ माजिवड्याची आहे असे समजा. पूर्व द्रुतगती मार्ग, जुना आग्रा रस्ता आणि घोडबंदर रस्ता यांच्या तिठ्यावरचा हा परिसर. उड्डाणपुलांवरून रात्रंदिवस अवजड वाहने, वडाळा-कासारवडवली मेट्रोचे वर्षानुवर्षे चाललेले बांधकाम आणि चहूबाजूंनी उभे राहणारे मनोरे. इथल्या घरात कपाटावर जी पूड बोटाला लागते, तिच्यात कपड्यांचे तंतू आणि त्वचेचे कण असतातच, पण सिमेंट आणि रेतीचा बारीक अंशही असतो. वाळूतली सिलिका काचेवरही ओरखडा काढू शकते, विनाइलची काय कथा. शिवाय बोटांचे तेल, उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातली फोडणी यांचा चिकट थर या कणांना खाचेत धरून ठेवतो. मखमली ब्रश वरवरचे काढतो. चिकटलेले मात्र तसेच राहते.

इथे पाण्यातला बुडबुडा कामाला येतो. टाकीच्या तळाला खालून चिकटवलेल्या चकत्या विजेवर सेकंदाला ४० हजार वेळा थरथरतात. माणसाचा कान फार तर २० हजारांपर्यंत ऐकतो, म्हणून हा ध्वनी श्राव्यातीत. सोनोग्राफीतही श्राव्यातीत ध्वनीच असतो, पण त्याची कंपने सेकंदाला काही दशलक्ष असतात आणि तो अतिशय छोट्या झटक्यांत सोडला जातो. दंतवैद्य दातांवरची कीटणे काढताना वापरतो ते स्केलिंगचे टोक मात्र या टाकीचे सख्खे भावंड आहे. तेही सेकंदाला पंचवीस ते चाळीस हजारांच्या घरात थरथरते आणि त्याच्या भोवतीच्या पाण्यातही असेच बुडबुडे उठतात.

कंपनांमुळे पाण्यावर आळीपाळीने दाब आणि ताण येतो. ताणाच्या क्षणी पाणी जणू फाटते आणि सूक्ष्म पोकळी तयार होते. पुढच्या दाबाच्या क्षणी ती पोकळी कोसळते. त्या कोसळण्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. तेव्हा मोठी चिंता होती जहाजांच्या पंख्यांची, कारण अशाच बुडबुड्यांमुळे त्यांची पाती झिजत होती. पण रॅले यांनी आपल्या निबंधाची सुरुवात किटलीत तापणाऱ्या पाण्याच्या आवाजापासून केली होती. चहाचे आधण उकळायच्या आधी जे ‘सूं’ करते, तो तळाशी जन्मलेले बुडबुडे वरच्या थंड पाण्यात कोसळण्याचा आवाज असतो. टाकीत हेच घडते, फक्त फार झपाट्याने. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या पोटात क्षणाच्या अंशापुरते तापमान हजारो अंशांवर जाते. जवळ एखादा पृष्ठभाग असेल तर बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नाही. त्याची दूरची बाजू आत घुसते आणि पृष्ठभागाच्या दिशेने पाण्याची सूक्ष्म पिचकारी सुटते. तिचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात असू शकतो. ब्रशचा केस जिथे पोहोचत नाही तिथे ही पिचकारी पोहोचते.

अॅल्युमिनियमचा पातळ कागद या माऱ्याने चाळणीसारखा होतो. विनाइल लवचिक असल्याने दहा-पंधरा मिनिटांचा मारा पचवते. स्वच्छ व्हावी म्हणून तबकडी तासभर फिरवत ठेवण्यात मात्र काही हशील नाही. सुटण्यासारखे असते ते पहिल्या दहा मिनिटांतच सुटते.

स्वस्त आणि महाग यंत्रांत नेमका फरक काय? मुख्य फरक कंपनसंख्येचा. बुडबुड्याचा आकार कंपनसंख्येच्या उलट बदलतो. ४० हजार कंपनांना पाण्यातल्या बुडबुड्याची त्रिज्या साधारण ८० मायक्रॉन येते. ‘डेग्रिटर’ १२० हजारांवर चालते, तिथे ती २७ मायक्रॉनच्या आसपास. पहिला बुडबुडा खाचेहून मोठा, दुसरा खाचेच्या मापाचा. म्हणजे स्वस्त यंत्र खाचेत शिरतच नाही का? तसे नाही. मोठा बुडबुडा खाचेच्या तोंडाशी फुटला तरी त्याची पिचकारी आणि धक्का आत जातो. तो जास्त जोरकस असतो आणि कमी बारकाईचा. भांडे आधी काथ्याने घासावे आणि मग मऊ फडक्याने पुसावे, तसा हा भेद आहे. जाड मळासाठी ४० हजार उत्तम. अगदी सूक्ष्म कणांसाठी वरची कंपनसंख्या सरस. बहुतेक घरगुती तबकड्यांचा प्रश्न जाड मळाचाच असतो.

दुसरी गोष्ट अंतराची. पाण्यात ४० हजार कंपनांच्या ध्वनीची एक लाट सुमारे ३.७ सेंटिमीटर लांब असते. टाकीत या लाटा एकमेकींवर आदळून जागच्या जागी उभ्या राहतात, म्हणून काही पट्ट्यांत मारा जोराचा आणि काही पट्ट्यांत जवळपास शून्य. तबकडी फिरती ठेवायची ती यासाठीच. दांड्यावर तबकड्या खेटून ओवल्या तर मधल्या फटीत ध्वनी नीट शिरत नाही. सहा लिटरच्या टाकीत चार-पाच तबकड्या कोंबणारे विक्रेत्याचे छायाचित्र आकर्षक दिसते. प्रत्यक्षात दोन, फार तर तीन.

आणि खऱ्या-खोट्याची पारख. हजार-पंधराशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक डब्यांवर ‘अल्ट्रासोनिक’ असे छापलेले असते, पण आत मोबाइलमध्ये असते तशी थरथरणारी मोटर असते. अशी डबी पाणी हलवते, बुडबुडे करत नाही. पारख सोपी आहे. पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात अर्धा-एक मिनिट उभा धरा. यंत्र खरे असेल तर फॉइलवर बारीक खड्डे आणि भोके पडतील. खड्डे कुठे दाट आणि कुठे विरळ, यावरून टाकीतला मारा कुठे कमी पडतो तेही कळते. वॉटचा आकडा वाचताना तो चकत्यांचा आहे की पाणी तापवणाऱ्या हीटरचा, हे विचारून घ्यावे. दोन्हींची बेरीज छापून मोठा आकडा दाखवण्याची पद्धत सर्रास आहे.

हीटरचे नाव निघाले म्हणून सांगायचे, तबकडीसाठी तो बंदच बरा. दागिन्यांसाठी साठ अंश ठीक आहेत, पण त्या तापमानाला विनाइल मऊ पडून वाकडे होते. पाणी पस्तीस अंशांच्या आसपास ठेवावे. गंमत अशी की ठाण्याच्या मे महिन्यात हीटर बंद ठेवूनही ही मर्यादा ओलांडली जाते. १८० वॉटच्या चकत्या सहा लिटर पाण्यात जी ऊर्जा ओततात, तिने पाणी मिनिटाला ०.४ अंशाहून थोडे जास्त तापू शकते. नळाचे पाणी तीस अंशांचे असेल तर लागोपाठ अर्ध्या तासात ते चाळिशीपार जाईल. दर दहा मिनिटांनी थांबावे, थर्मामीटर बुडवून पाहावे आणि पाणी निवू द्यावे. एका दुपारी पन्नास तबकड्या उरकण्याचा हा उद्योग नव्हे.

पाणी कोणते, हा प्रश्न इथल्या लोकांना आणखी जिव्हाळ्याचा. माजिवडा-मानपाडा भागातल्या कित्येक सोसायट्यांत पालिकेच्या पाण्याला टँकर आणि बोअरवेलची जोड असते. अशा पाण्याने बादलीच्या काठावर पांढरी पुटे चढतात. तबकडीवर काय होईल याचा हिशोब करून पाहू. समजा पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि धुतल्यावर तबकडीवर पाच मिलिलिटर पाणी राहून वाळले. मागे उरतील एक मिलिग्रॅम क्षार. ऐकायला काहीच नाही. पण दहा मायक्रॉनच्या चुन्याच्या कणांत ते वाटले तर कणांची संख्या पावणेचार लाखांच्या आसपास भरते. म्हणजे धूळ काढली आणि चुना भरला. म्हणून टाकीत आणि शेवटच्या खळबळण्यालाही डिस्टिल्ड पाणीच हवे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी चालते, मात्र कॅन भरवशाच्या दुकानातून घ्यावा आणि शक्य असल्यास टीडीएस मीटरने तपासावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. घरच्या आरओ यंत्राचे पाणी पिण्यासाठी ठीक, यासाठी नाही.

नुसते पाणी खाचेत नीट पसरत नाही, कारण त्याचा पृष्ठताण जास्त. अळूच्या पानावर थेंब जसा गोळा होऊन बसतो तसे ते विनाइलवर बसते. त्यासाठी ओलावा वाढवणारे द्रव्य अगदी थेंबभर लागते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तबकड्या धुण्यासाठी टर्जिटॉल या कुळातले द्रव्य अत्यल्प प्रमाणात वापरण्याची शिफारस केली आहे. घरातल्या भांड्यांच्या साबणात रंग, सुवास आणि हात मऊ ठेवणारी द्रव्ये असतात आणि ती खाचेत मागे राहतात. धुतल्यानंतर साध्या डिस्टिल्ड पाण्यातून तबकडी एकदा काढली नाही तर साबणाचाच थर वाजू लागतो.

पुष्कळ पाककृतींत अल्कोहोलही असते, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. इथे मात्र हात आखडता घ्यावा. या द्रवाची वाफ १२ अंशांपासूनच पेट घेऊ शकते. अल्ट्रासोनिक टाकी पाणी तापवते, वर बारीक तुषार उडवते आणि खाली वीज असते. बंद खोलीत हे तीन एकत्र आणणे शहाणपणाचे नाही. अशा टाक्यांच्या माहितीपत्रकात ज्वलनशील द्रव घालू नका असे लिहिलेले असते, तेवढेच पान कोणी वाचत नाही. करोनाकाळातले उरलेले सॅनिटायझर तर मुळीच वापरू नये. त्यात ग्लिसरीन असते, त्याचा चिकट लेप खाचेत बसतो.

अल्कोहोलचा खरा बळी मात्र वेगळाच असतो. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलचा एलपी बाजारात आणला. त्याआधीच्या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याचा स्राव. जगाला ती पुरवणाऱ्यांत भारत आघाडीवर होता. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती जड, काळी, हातातून पडली की खळकन फुटणारी तबकडी म्हणजे लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचे मिश्रण. आता घरात कधी लाकडी फर्निचरला फ्रेंच पॉलिश करणारा कारागीर आला असेल तर आठवून पाहा. तो चपडा लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये. विनाइलसाठी म्हणून बनवलेले द्रावण ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर पडले की तेच होते. खाचेच्या भिंती विरघळू लागतात. चकाकी जाते, पृष्ठभाग चिकट होतो आणि बालगंधर्व किंवा हिराबाई जे काही त्या खाचेत होते ते फडक्यावर येते. हे नुकसान कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.

नुसत्या पाण्याची अल्ट्रासोनिक टाकीसुद्धा लाखेच्या तबकडीला नको. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या केसासारख्या चिरा असतात. बुडबुड्यांचा मारा त्या उकलतो आणि पाणी आत शिरून भरणीची पूड फुगते. लाखेची तबकडी हातानेच धुवावी. मऊ ब्रश, डिस्टिल्ड पाणी, थेंबभर द्रव्य, खाचेच्या दिशेने हलका हात आणि लगेच कोरडे करणे. ओळखायची कशी? लेबलवर ७८ असेल तर लाखेचीच धरून चालावे. ३३⅓ फेऱ्यांचा एलपी आणि ४५ चा ईपी विनाइलचा. आकाशवाणीच्या किंवा खासगी मुद्रणाच्या काही एकमेव तबकड्या धातूच्या पत्र्यावर लॅकरचा थर देऊन बनवलेल्या असतात. कडेला किंवा मधल्या भोकात धातू दिसला तर त्या तबकडीला घरी पाणीसुद्धा लावू नये.

ही खबरदारी उगाच नाही. पाश्चात्त्य देशांत ७८ ची तबकडी पन्नासच्या दशकात मागे पडली, आपल्याकडे ती साठच्या दशकातही निघत होती. त्यामुळे मराठी घरांतल्या पेट्यांत लाख आणि विनाइल शेजारी शेजारी असतात, एकाच कागदी पाकिटात घातलेले. आणि त्यातल्या पुष्कळ तबकड्यांची मूळ मुद्रणे आज हाती नाहीत. मुंबईत वडाळ्याला नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना होता. ‘यंग इंडिया’ या नावाने ती १९३५ ते १९५५ या काळात तबकड्या काढत असे. एचएमव्हीच्या दारात उभे राहू न शकलेल्या कितीतरी हौशी आणि नवख्या गायकांचा आवाज तिने मुद्रित केला. कंपनी बंद झाली. तो आवाज आज उरला आहे तो घराघरांतल्या प्रतींमध्ये. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर आणि १९९० साली मुंबईत सुरू झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ यांनी अशा तबकड्या शोधून त्यांची नोंद करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. ‘यंग इंडिया’च्या तबकड्यांचे डिजिटायझेशन ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांविषयीच्या योजनेतून झाले. वडाळ्याहून निघणारी मेट्रोची मार्गिका आता माजिवड्यावरून जाते, त्याच वडाळ्याच्या कारखान्याची एखादी तबकडी तिच्या खांबाशेजारच्या इमारतीत माळ्यावर पडून असेल तर नवल नाही. तिला कोणी उत्साहाने स्पिरिट लावू नये, इतकेच.

माळ्यावरून पेटी उतरवताना दुसरी एक गोष्ट घरात येते, ती म्हणजे बुरशी. ठाण्याच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांवर राहतो. कागदी पाकीट, खळ आणि बोटांचे तेल हे बुरशीचे खाद्य. तबकडीवर पांढरे-राखाडी ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती धूळ नव्हे. कोरड्या ब्रशने झटकली की बीजाणू हवेत उडतात आणि दमा, सर्दीची अॅलर्जी किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना त्याचा त्रास होतो. अशी पेटी बाल्कनीत उघडावी, एन-९५ मास्क लावावा, लहान मुले आणि दम्याच्या रुग्णांना लांब ठेवावे. बुरशी लागलेले आतले पाकीट पिशवीत बांधून टाकून द्यावे. तबकडी आधी ओल्या मऊ कापडाने पुसावी आणि मगच टाकीत घालावी. टाकीवर झाकण ठेवावे, कारण तुषारांबरोबर बीजाणूही उडतात. ते पाणी पुन्हा वापरू नये. आपल्याकडे बुरशीवर हमखास उपाय म्हणजे ऊन दाखवणे. गाद्यांना, डाळींना दाखवावे. तबकडीला दाखवले तर ती पापडासारखी वर येते.

यंत्र चालू असताना टाकीत बोटे घालू नयेत. सोनाराकडचे कारागीर घालतात, पण चालू टाकीत बोटांच्या सांध्यांत कळ उठते आणि वारंवार घातल्यास इजा होते. कानांचे काय? ४० हजार कंपने ऐकू येत नाहीत, पण त्यांच्याबरोबर निघणारी चरचर ऐकू येते. वीस हजारांच्या आसपासचा घटक लहान मुलांना जाणवू शकतो, चाळिशी ओलांडलेल्या आईवडिलांना त्याचा पत्ताही लागत नाही. कुत्री आणि मांजरे तर मूळ चाळीस हजारांचा आवाजही ऐकतात. मोती किंवा मनी अचानक पलंगाखाली जाऊन बसली तर तिच्या बाजूने विचार करावा आणि यंत्र वेगळ्या खोलीत, दार लावून चालवावे. स्टीलची टाकी, पाणी आणि वीज एकत्र असल्याने तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवेच. पाणी भरताना आणि ओतताना प्लग काढलेला असावा. टाकी रिकामी चालवली तर तळाच्या चकत्या जळतात आणि सगळ्यात महाग भाग तोच असतो.

एवढे करून काय पदरात पडते? सुटी धूळ, चिकट थर, बुरशीचे डाग जातात आणि त्यांच्याबरोबरची तडतड जाते. ओरखडा जात नाही. बोथट सुईने झिजवलेली खाच भरून येत नाही, उलट धूळ गेल्यावर झीज अधिक स्पष्ट ऐकू येते आणि लोक यंत्राला दोष देतात. घरात चाळीस-पन्नास एलपी असतील तर हे यंत्र घेऊ नये, हे सरळ सांगितले पाहिजे. चांगला ब्रश, डिस्टिल्ड पाण्याचा कॅन, लेबल झाकणारी चकती आणि थोडा धीर यांत बहुतेक काम होते. संग्रह शेकड्यांत असेल तर टाकी परवडते. दोन-चार संग्राहकांनी मिळून एक घेतली तर आणखी बरे, कारण ती वर्षातून पंधरा दिवसच लागते.

धुणे जमले तरी वाळवण्यात अनेकांचा घात होतो. ओली तबकडी छताच्या पंख्याखाली ठेवली की पंखा माजिवड्याची धूळ ताज्या ओल्या खाचेत आणून बसवतो. हेअर ड्रायर वाकडेपणा आणतो. तबकडी ताटाळ्यासारख्या स्टँडवर उभी करावी, बंद खोलीत, पंखा न लावता. आधी मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने पाणी टिपून घेतले तर तासाभरात ती कोरडी होते. लेबलच्या कडेला ओल राहिली नाही ना, ते तिरप्या उजेडात बघावे. मग नव्या पाकिटात घालावी. जुन्या पाकिटात घातली तर धुण्याआधीची सगळी धूळ तिथे वाट बघत असते. पेटी उभी ठेवावी, तबकड्या एकीवर एक रचू नयेत, आणि जून उजाडायच्या आत पेटी बाहेरच्या भिंतीपासून हात-दीड हात दूर सरकवावी.